येथेच उपयोग करावा

बरणी गायत्री मॅडमच्या ओळखीची होती. लाल झाकणही तेच. वरचं लेबल तर त्यांनी स्वतः, ओठ घट्ट मिटून, एकेक अक्षर कोरून लिहिलेलं. पण आत ताक होतं.

ग्रंथालयाच्या वाचन कक्षात मोठ्या टेबलावर पाहुण्यांची पानं मांडली होती आणि मधोमध ही बरणी ठेवलेली. वर कोथिंबीर तरंगत होती. पोटावर लिहिलेलं : ‘पावटा... संदर्भ प्रत...’

“हनुमंत,” मॅडमनी बरणीकडं बोट दाखवलं. “बरणीत काय आहे?”

“ताक हाय मॅडम,” शिपाई हनुमंत म्हणाला. “देऊ का अर्धा गिलास? झ्याक झालंय.”

“आणि आधी काय होतं?”

हनुमंतानं बरणीकडं बघितलं. मग लेबलाकडं बघितलं. मग पाहुण्यांच्या ताटातल्या उसळीकडं बघितलं. “आगं आई गं,” एवढंच म्हणून तो पुस्तकांच्या शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला.

आता हे ताक त्या बरणीत आलं कसं, ते सांगायचं तर दोन महिने मागं जावं लागेल. जाऊ या. ताक काही पळून जात नाही.

मार्गासनीच्या पुढं केळदरी फाट्यावर एक लहानसं महाविद्यालय आहे. गायत्री कोंढाळकर तिथल्या ग्रंथपाल. रोज किकवीहून स्कुटीवर येतात. ऑगस्टात विद्यापीठाचं पत्र आलं, विषय : शाश्वत विकासात ग्रंथालयांची भूमिका. पत्र सतरा पानांचं होतं आणि त्यातला पहिला मुद्दा ‘कागद वाचवा’ हा होता. प्राचार्य मानसिंग खुटवड यांनी त्याच्या ताबडतोब सहा झेरॉक्स काढायला लावल्या.

“मॅडम,” ते म्हणाले, “दसऱ्यानंतर समिती येणार आहे. तुमच्या ग्रंथालयात काहीतरी शाश्वत करून टाका. समिती जाईपर्यंत टिकलं म्हणजे झालं.”

मॅडम डोकं धरून बसल्या. हनुमंत धूळ झटकत होता. त्यानं विचारलं, “मॅडम, ह्ये शाश्वत विकास म्हंजी नेमकं काय वं?”

“म्हणजे आपण वापरायचं, पण सगळं संपवायचं नाही. पुढच्यांसाठी राखून ठेवायचं.”

“आत्ता! म्हंजी बियाणं की! आमची आजी म्हणायची, उपाशी निजा पण बियाण्याला हात लावू नका. सतरा पानं कशाला लिवली मग?”

अकरा वर्षं हा माणूस पुस्तकांवर फडकं मारत होता आणि आज एका वाक्यात त्यानं सतरा पानं उरकली होती. त्यांनी त्याच दिवशी एक कपाट मोकळं केलं. पुस्तकं न्यावीत तसं इथून जुनं गावठी बियाणं न्यायचं, मूठभर. पीक आलं की दोन मुठी परत आणायच्या. त्यातली एक कपाटात, दुसरी पुढच्या शेतकऱ्याला.

“म्हंजी हितं पुस्तकं बी मिळणार आन् बी बी मिळणार,” हनुमंतानं गावभर सांगितलं.

लोकांनी आणलं हो. कुणी नाचणी आणली, कुणी वरई, कुणी खुरासणी. पण जो येई तो म्हणे, मॅडम, ह्ये ठीक हाय, पर सगुणाबाईचा पावटा मिळाला तर बगा. सगुणाबाई म्हणजे मार्गासनीच्या वरच्या वाडीतली सत्तरीची म्हातारी. तिच्या आजेसासूपासून चालत आलेला बारीक दाण्याचा पावटा आता सबंध खोऱ्यात तिच्याच एका वावरात उरला होता. बाकीच्यांनी पाकिटातलं बियाणं आणलं आणि घरचं मोडून खाल्लं.

मॅडम स्कुटी वाडीखाली लावून चढून गेल्या. सगुणाबाईनं गूळ-पाणी दिलं आणि कोर्टात वकील करतो तशी उलटतपासणी सुरू केली.

“नव्या माणसाला किती पुस्तकं देता?”

“एकच, आजी. ते नीट परत आलं की मग दोन.”

“असं का?”

“माणूस कसा आहे ते आधी कळायला नको का?”

“खरंय. आन् जिन्नस एकुलता एक आसंल तर?”

“तर तो कपाटाबाहेर काढतच नाही. कुणी कितीही मोठा येऊ दे. दुसरी प्रत असली तर ती देतो. आणि काहीही न्यायचं तर कार्ड पाहिजे, सही पाहिजे.”

“शानी हायेस,” सगुणाबाई म्हणाली. “बगते मी.”

चार दिवसांनी नसरापूरचा बाजार करून ती एसटीनं केळदरी फाट्यावर उतरली. पिशवीतून किलोभर पावटा काढून तिनं टेबलावर ठेवला. मॅडमचे डोळे भरून आले.

“आजी, सगळाच आणलात?”

“ह्यो बग की फुडं हाय त्यो. भात कापणी झाली की जमिनीतल्या ओलीवर पावटा टोकत्यात, पेरत्यात. तवर सांबाळ.”

“माझा शब्द आहे आजी. एक दाणा इकडचा तिकडं होणार नाही.”

“बगू की,” म्हातारी म्हणाली आणि परतीची एसटी पकडायला गेली.

मॅडमनी कोरी काचेची बरणी आणली आणि लेबल लिहिलं : ‘पावटा. स्थानिक व पारंपरिक. संदर्भ प्रत. ग्रंथालयाबाहेर नेऊ नये. येथेच उपयोग करावा.’ शेवटची दोन वाक्यं त्यांनी विचार करून लिहिलीच नव्हती. अकरा वर्षं प्रत्येक शब्दकोशावर तीच लिहीत आल्यामुळं ती हातातून आपोआप उतरली. माणसाचा घात असा सवयीनंच होतो.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी मॅडम कार्यालयात अहवाल लिहीत बसल्या होत्या. इकडं प्राचार्यांनी विंझरच्या बचत गटाच्या बाळाबाईंना जेवणाचं सांगितलं.

“बाळाबाई, समितीला पनीर-बिनीर नको. विषय शाश्वत आहे. स्थानिक आणि पारंपरिक काहीतरी करा. लागेल ते सगळं ग्रंथालयात काढून ठेवलंय.”

सरांना म्हणायचं होतं ताटं, वाट्या आणि पाण्याचा जार. पण बाळाबाई सातवी पास. त्यांना वाचायचा भारी नाद. खताच्या गोणीवरचा मजकूरसुद्धा त्या शेवटपर्यंत वाचतात. त्यांनी बियाण्याचं कपाट उघडलं, एकेक लेबल वाचलं आणि ‘स्थानिक व पारंपरिक’ हे शब्द दिसताच बरणी काखेत मारली. पावटा उसळीला गेला आणि रिकामी बरणी ताकाला आली.

तर असं ते ताक.

मॅडमनी बाळाबाईंना हाताला धरून कोशांच्या कपाटामागं ओढलं. आणि तिथं त्यांना दुसरा धक्का बसला. अठरा खंडांच्या विश्वकोशाला पाठ लावून गॅसची शेगडी पेटलेली होती. तिच्यावर भात होता.

“इथं? शेगडी इथं? पुस्तकांत?”

“मग कुटं?” बाळाबाई म्हणाल्या. “ह्यो हनुमंता सांगत व्हता, भायेर पडवीत शिजवा. म्या म्हणलं, वाचता येत न्हाई का रं तुला? ‘ग्रंथालयाबाहेर नेऊ नये. येथेच उपयोग करावा.’ मग क्येला हितंच उपयोग. एक दाणा भायेर गेला न्हाई बगा.”

बाई शब्दाला शब्द खरी होती.

“सगळा... सगळा शिजवलात?”

“किलोच व्हता की. सांच्याला कोमट पाण्यात भिजाया घातला. आन् मॅडम, सकाळी बगते तर काय एकेकाला डोळं फुटल्यालं! लई जित्तं बी व्हतं.”

“नका हो बोलू,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी विश्वकोशाच्या नवव्या खंडाचा आधार घेतला. म्हातारीला दिलेला शब्द गेला. तीन पिढ्या सांभाळलेलं वाण गेलं. आणि आजच दोन वाजता बियाण्याची माहिती सांगायला म्हणून सगुणाबाईंना बोलावणं धाडलं होतं. आता सव्वा वाजला होता.

“हनुमंत,” त्या कुजबुजल्या, “भिजवताना, निवडताना एखादा दाणा सांडला असेल. शोध.”

मग पाहुणे टेबलावर जेवत होते आणि टेबलाखाली ग्रंथपाल आणि शिपाई रांगत होते. समितीच्या अध्यक्ष डॉ. शेफाली नाडगौडा यांच्या पायाला काहीतरी लागलं. त्यांनी दचकून वाकून पाहिलं.

“मॅडम? तुम्ही खाली काय करताय?”

“पेनचं टोपण,” मॅडम म्हणाल्या. “पडलंय.”

“मला घावलं!” पलीकडून हनुमंत ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, “न्हाई. ह्ये शर्टाचं बटन हाय. माजंच.”

वर प्राचार्य आग्रह करण्यात दंग होते. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुखी माणूस. नाडगौडाबाईंनी उसळीचा तिसरा वाडगा पुढं केला.

“सर, काय चव आहे हो! मी पंचवीस वर्षं देशी वाणांवर काम करतेय. ही चव बाजारच्या पावट्याला येणं शक्यच नाही. ही या मातीची चव आहे. डोळे मिटून सांगते.” आणि त्यांनी खरोखरच डोळे मिटले.

शेजारी समितीतले जाड भिंगाचे सर होते. तेही म्हणाले, “अगदी. जीभ फसत नाही.”

“स्थानिक आहे,” प्राचार्य छाती फुगवून म्हणाले. “आमच्या मॅडमनी मिळवलाय. त्याचं बियाणं आम्ही कपाटात जपलंय.”

“वा! मग दाखवा ना ते बियाणं.”

प्राचार्य उठले, कपाटाकडं गेले आणि पावट्याच्या रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. वळून त्यांनी टेबलावर पाहिलं. बरणी दिसली. ताक दिसलं. टेबलाखालून वर येणारं गायत्री मॅडमचं पांढरंफटक तोंड दिसलं. प्राचार्य माणूस हुशार, त्यांना सगळं एका दमात उमगलं आणि तितक्याच दमात ते खोटं बोलले.

“ते वाचकानं नेलंय.”

“वाचकानं? बियाणं?”

“हो. पंधरा दिवसांच्या बोलीवर.”

“पंधरा दिवसांत पावटा येतो?” जाड भिंगाच्या सरांनी विचारलं.

“मुदत वाढवून देतो आम्ही,” प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला होता. “काय मॅडम?”

आता नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर मॅडम सुटल्या असत्या. समिती खूश होती, ताक संपत आलं होतं, पान-सुपारी होऊन गाडी पुण्याला लागली असती. पण अर्ध्या तासात एसटी येणार होती आणि तिच्यातून सगुणाबाई उतरणार होती. तिला काय सांगायचं, वाचकानं नेलंय?

“नाही सर,” गायत्री मॅडम म्हणाल्या. “ते तुमच्या ताटात आहे.”

सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं.

“म्हणजे?” नाडगौडाबाईंनी हळूच विचारलं.

“तुम्ही खाल्लंत ते बियाणं होतं. सबंध खोऱ्यातलं शेवटचं. चूक माझी आहे, लेबल मी लिहिलं. बाळाबाईंनी फक्त वाचलं.”

“अरे देवा!” नाडगौडाबाईंच्या हातातला चमचा ताटात पडला. पंचवीस वर्षं देशी वाण वाचवणाऱ्या बाई स्वतःच्या तीन वाडग्यांकडं पाहत राहिल्या. जाड भिंगाच्या सरांची तर पंचाईतच झाली. तोंडात घास होता. गिळावा तर वाण बुडवल्याचं पाप, काढावा तर चारचौघांत शोभत नाही. ते गाल फुगवून तसेच बसून राहिले.

“आन् आता?” हनुमंतानं विचारलं. आणि दारातून आवाज आला.

“आता काय? हितं जेवनावळ चाललीया व्हय?”

सगुणाबाई आली होती. एसटीची वाट न बघता कुणाच्या तरी टेम्पोत बसून आली होती, ती बरोबर या वेळेला. नशीब वाईट असलं की टेम्पोसुद्धा वेळेवर मिळतो.

मॅडम पुढं गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं, पण म्हातारीचा तोंडभर हसलेला चेहरा पाहिला आणि सगळं विसरल्या. वाकून त्यांनी तिचे पायच धरले.

“आजी, मी शब्द मोडला. तुमचा पावटा गेला. शिजवला. आम्ही खाल्ला. मला काय बोलायचं ते बोला, पण मी खोटं सांगणार नाही.” आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

सगुणाबाईनं बरणीकडं बघितलं. ताटांकडं बघितलं. गाल फुगवून बसलेल्या सरांकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग पदर सावरत ती रिकाम्या खुर्चीवर बसली.

“उट पोरी. आदी मला वाड.”

“आजी?”

“सगळ्यांनी खाल्ला न्हवं? मग मला बी वाड की वाईच.”

बाळाबाईंनी वाडगाभर उसळ वाढली. सगुणाबाईनं घास घेतला. सगळे तिच्या जबड्याकडं बघत होते. तिनं सावकाश चावला, गिळला आणि बाळाबाईंकडं वळली.

“मीठ कमी हाय.”

“व्हय आत्याबाई,” बाळाबाई म्हणाल्या.

“आन् बाजारचा पावटा हाय ह्यो. नसरापूरला घेतल्याला. जुना निगाला वाटतं, दुकानदार तर नवा म्हणत व्हता.”

कुणाच्याच डोक्यात काही शिरेना. आधी भान आलं ते जाड भिंगाच्या सरांना. त्यांनी घास गिळला, तो सगळ्यांना ऐकू आला.

“बाजारचा?” नाडगौडाबाईंचा आवाज चिरकला. “पण ही चव... या मातीची...”

“माती कुटली का आसंना, बाळाबाईनं खोबरं लई घातलंय,” सगुणाबाई म्हणाली.

“आजी!” मॅडम ओरडल्याच. “म्हणजे तुम्ही मला फसवलंत?”

“म्या?” म्हातारी खरोखर चकित झाली. “तूच न्हाई का सांगितलंस? एकुलता एक जिन्नस आसंल तर त्यो कपाटाभायेर काडायचा न्हाई. दुसरा आसंल तर त्यो द्याचा. माजा पावटा एकुलता एक. त्यो घरी राखंत हाय, मडक्यात. दुसरा मग बाजारातनं आणला. तुजा कायदा ध्येनात ठिवला तर फसिवलं व्हय?”

मॅडम रडता रडता हसायला लागल्या आणि हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. हनुमंतानं देवाला हात जोडले. प्राचार्यांनी घाम पुसला आणि लगेच म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, आमचं बियाणं सुरक्षित आहे.” त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

“आजी, बरं केलंत,” मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. “खरा दिला असतात तर आज गेला होता. आता देऊच नका. आमची लायकी नाही.”

सगुणाबाईनं कनवटीची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि टेबलावर फडकं पसरलं. आत बारीक दाणे होते, करड्या ठिपक्यांचे. बाजारच्या पावट्याचे सख्खे सोडा, चुलतभाऊसुद्धा नव्हेत. नाडगौडाबाई चष्मा चढवून वाकल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. जिभेवर त्यांचा आज भरवसा उरला नव्हता.

“दोन म्हयनं बगत व्हते,” सगुणाबाई म्हणाली, “तुमी बी ठिवताय का खाताय. खाल्लंत. आज आले ते ह्यो खरा दिऊ का न्हाई ते ठरवाया. दारात हुबी व्हते मघाधरनं. ह्ये सायेब म्हणलं वाचकानं न्येलं, तवा माघारी निगाले व्हते मी. मग तू बोललीस.”

प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमनी ओंजळ पुढं केली. पण सगुणाबाईनं फडकं मागं ओढलं.

“कार्ड?”

“कसलं कार्ड, आजी?”

“बिनकार्डाचं तू कुणाला पुस्तक देतीस का? मग माज्याकडनं न्हेताना नगं व्हय?”

हनुमंत पळत जाऊन कोरं कार्ड घेऊन आला. अकरा वर्षं इतरांची कार्डं भरणाऱ्या गायत्री मॅडमनी पहिल्यांदा स्वतःचं कार्ड भरलं. नाव : गायत्री कोंढाळकर. काय नेलं : पावटा. सगुणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते बाळाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

“माघारी कवा?” तिनं विचारलं.

“शिमग्याला,” मॅडम म्हणाल्या.

“किती?”

“दुप्पट.”

“लिव. आन् सई कर.”

मॅडमनी सही केली. सगुणाबाईनं फडक्यातून एकेक करत सात दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि उरलेल्या पावट्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली.

“सातच?” मॅडमच्या तोंडून गेलं.

“नव्या माणसाला तू किती देतीस गं? एकच न्हवं? म्या तर सात दिलं. नीट माघारी आलं की मग बगू. आन् बरणीत ठिवू नगंस, मागच्या अंगणात टोक. काचंतलं बी नुसतं बगायला बरं.”

गायत्री मॅडम हात पुढं धरून, श्वास रोखून उभ्या राहिल्या. समिती, प्राचार्य, हनुमंत, सगळे त्या सात दाण्यांभोवती गोळा झाले. तेवढ्यात बाळाबाईंनी मान आत खुपसली, दाणे पाहिले, हातातलं कार्ड पुन्हा एकदा वाचलं आणि काळजीनं विचारलं,

“मॅडम, ह्ये बी हितंच शिजवायचं का?”

“नाही!”

सगळे एकदम ओरडले, नाडगौडाबाईंसकट. ‘शांतता राखा’ या पाटीखाली इतका मोठा आवाज त्या ग्रंथालयात त्याआधी कधी झाला नव्हता. बाळाबाई जरासुद्धा बिचकल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून मॅडमच्या हाती दिलं.

“मग तसं लिवा की सरळ,” त्या म्हणाल्या.